बेल्ट बाहेर पळतोय

बेल्ट सँडर दुरुस्तीला आणणारा जवळजवळ प्रत्येक जण निदान करूनच आलेला असतो : ‘मोटार जळली.’ पेठ वडगावात पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान चालवताना हे इतकं ऐकलंय, की आता मी त्यावर हो-नाही काहीच बोलत नाही. मशीन उताणं करतो, बेल्ट काढतो, मागचा रोलर बोटानं फिरवून बघतो आणि मग प्लगपासून मशीनपर्यंत वायर चाचपत जातो. मोटार खरोखर जळली असेल तर ते वासानंच कळतं, त्यासाठी स्क्रू काढावे लागत नाहीत. बाकीच्या वेळी दुखणं दुसरंच असतं आणि बहुतेकदा स्वस्तातलं असतं.

मी शिकलो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका रिवायंडिंगच्या दुकानात. तिथं कामं यायची ती शेतीपंपांची, पिठाच्या गिरण्यांची, इचलकरंजीच्या मागांच्या मोटारींची. या मोटारी सरळ स्वभावाच्या. तांबं जळलं की काढायचं, नवी तार भरायची, व्हार्निश द्यायचं, वाळवायचं, चालू. सँडर, ग्राइंडर, कटर यांची मोटार वेगळ्या जातीची. तिच्यात कार्बन आले, कम्युटेटर आला, आर्मेचर आलं आणि मिनिटाला दहा-पंधरा हजार किंवा त्याहूनही जास्त फेरे आले. एवढ्याशा अंगात एवढा जोर मावतो तो त्या फेऱ्यांमुळं, आणि एवढे फेरे सोसतात ते आतल्या पंख्यानं ओढलेल्या हवेमुळं. सँडरची अडचण अशी, की जी हवा त्यानं थंड व्हायला आत ओढायची, तीच तो धुळीनं भरून ठेवतो. या मशीनची निम्मी दुखणी या एका गोष्टीतून निघतात. उरलेली चालवणाऱ्याच्या हातातून.

यंत्र म्हणून बघितलं तर त्यात फारसं काही नाही. १९२६ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरातल्या पोर्टर-केबल कंपनीनं हातात धरून चालवायचा बेल्ट सँडर बाजारात आणला, आणि मूळ रचना आजही तीच आहे. मागं मोटारीनं फिरणारा रबरी रोलर, पुढं स्प्रिंगच्या ताणावर मोकळा फिरणारा रोलर, दोघांच्या मधे सपाट प्लेट, आणि या सगळ्याभोवती काचपेपरचा अखंड पट्टा. १०० बाय ६१० मिलिमीटरचा बेल्ट लागणारं मोठं मशीन मिनिटाला पाचशे मीटरपर्यंत बेल्ट पळवतं. रंधा मारून झाल्यावर पॉलिश पेपर घेऊन दिवसभर दार घासणाऱ्या सुतारानं हे काम तासाभरात होताना पहिल्यांदा बघितलं, तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. आमच्या भागात लाटवडे, भादोले, अंबप, किणी, कुठल्याही गावातल्या मिस्त्रीकडं आता हे मशीन सापडतं. त्याची निगा कशी राखायची हे मात्र मशीनबरोबर आलं नाही. माहितीचं पुस्तक खोक्यातच राहतं आणि खोकं माळ्यावर जातं.

‘मोटार जळली’च्या खालोखाल येणारी तक्रार म्हणजे बेल्ट सरकण्याची. बाजूला एक नॉब असतो, तो फिरवला की पुढचा रोलर किंचित तिरका होतो आणि बेल्ट डावी-उजवीकडं सरकतो. मशीन उताणं धरायचं, चालू करायचं आणि नॉब थोडा थोडा फिरवत बेल्टची कड प्लेटच्या कडेला आणून स्थिर करायची. एवढंच काम, पण नॉब पार शेवटपर्यंत फिरवूनही बेल्ट बाहेरच पळायला लागला की माणूस चिडतो. असाच एक तरुण मिस्त्री लग्नसराईत आला होता. दिवाण आणि कपाटाचं काम अंगावर, मशीन नवं कोरं, आणि तो म्हणत होता, “पैसे देऊन नवीन घेतलंय की ओ, तरी बेल्ट बाहेर पळतोय. कंपनीनंच फसवलं.” मी त्याचाच बेल्ट काढून उलट्या बाजूनं चढवला. आधी डावीकडं पळणारा बेल्ट आता उजवीकडं पळायला लागला. म्हणजे मशीन सरळ आणि बेल्ट वाकडा. मशीनचा दोष असता तर बेल्ट कसाही चढवा, तो त्याच बाजूला पळाला असता. विचारल्यावर कळलं, की बेल्टचा गठ्ठा त्यानं अख्खा पावसाळा शेडमध्ये एका खिळ्याला टांगला होता. ओल धरून, एका बिंदूवर ताण येऊन बेल्ट पिळले होते. आता तो ते जाड पाइपावर टांगतो. ही उलट चढवण्याची परीक्षा बाण न छापलेल्या बेल्टचीच करावी. बाण असेल तर सांधा एकाच दिशेला धावण्यासाठी चिकटवलेला असतो, तिथं दुसरा चांगला बेल्ट घालून बघावं.

दोष मशीनचा निघालाच, तर आधी पुढचा रोलर बघायचा. सागाची तेलकट धूळ आणि चिडाची राळ एका बाजूला थापली गेली, की रोलर तेवढ्यापुरता जाड होतो आणि बेल्ट ओढला जातो. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं ती खरवडली की काम संपलं. पटाशीनं खरवडणारे भेटतात, त्यांच्या रोलरवर मग ओरखडे येतात. हा रोलर मधोमध किंचित फुगीर असतो आणि त्या फुगीरपणामुळंच बेल्ट मधे राहतो. वर्षानुवर्षं घासून तो सपाट झाला, किंवा त्याच्या बेअरिंगला खेळ आला, तर नॉब कितीही पिळा, उपयोग नाही. मागच्या रोलरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बेल्ट सरकत नाही, थांबतो. मोटार फिरते, लाकडावर टेकवलं की बेल्ट उभा. अशा वेळी ताणाची स्प्रिंगही तपासावी, तीही थकते.

फाटलेला बेल्ट लोक फेकून देऊन येतात, त्याचं मला वाईट वाटतं. त्याच्यावर सगळं लिहिलेलं असतं. सांध्यावर उघडला असेल तर माल जुना, चिकटवलेली पट्टी सुकलेली. एक कड झिरमिळ्या होऊन फाटली असेल तर तो बाहेर पळून बॉडीला घासत होता. लांबीच्या दिशेनं सरळ चीर गेली असेल तर लाकडात खिळा किंवा स्टेपलची पिन राहिली होती. आणि धार शाबूत असून वर काळपट, चकचकीत थर बसला असेल तर बेल्ट मेलेलाच नाही, नुसता भरलाय. चालू बेल्टवर क्रेप रबराचा तुकडा धरला की तो थर उचलून येतो. त्यासाठी बाजारात वेगळी कांडी मिळते, पण जुन्या चपलेचा क्रेपचा सोल तेच काम करतो. आमच्या जिल्ह्याला चपलेचं एवढं कौतुक, पण इथं कोल्हापुरीचं चामडं कामाला येत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की वेगळ्याच तऱ्हेची मशीनं येतात. सुताराचा सँडर शेजारचा कुणीतरी मागून नेतो, तो शेगड्यात उताणा आवळतो आणि त्यावर ऊसतोडीचे कोयते परजतो. धार झकास निघते, यात वाद नाही. पण एकदा एका मिस्त्रीनं असा सँडर आणून ठेवला, त्याला धुळीची पिशवीच नव्हती. जिथं ती बसते त्या प्लॅस्टिकच्या तोंडाचा वितळून गोळा झाला होता. पिशवीत आधीची लाकडाची भुकटी तशीच होती, कोयत्याच्या ठिणग्या थेट तिच्यात गेल्या. ज्वाळा काही दिसली नाही. भुकटी आतल्या आत धुमसत राहिली, माणूस जेवायला गेला, परत आला तोवर पिशवी संपली होती. शेडमध्ये पॉलिशचे डबे होते, ते वाचले हे नशीब. पिशवीपेक्षा मोठं नुकसान आत झालं होतं. लोखंडाचा कीस हवेबरोबर मोटारीत ओढला गेला होता. लाकडाची धूळ नुसती गुदमरवते. लोखंडाचा कीस वीज वाहून नेतो आणि कम्युटेटरच्या फटीत बसला की आर्मेचर शॉर्ट करतो. त्या मशीनची मोटार मात्र खरंच जळली होती. तेव्हापासून माझा सरळ नियम आहे : लाकडाच्या सँडरवर लोखंड घासायचं नाही. घासावंच लागलं तर आधी पिशवी काढून बाजूला ठेवायची, मशीन फुंकून स्वच्छ करायचं, आणि काम झाल्यावर पुन्हा फुंकायचं. जुनी दारं घासणाऱ्यांनीही आधी खिळे काढावेत, ठिणगी त्यांच्यातूनही उडते.

शिरोलीच्या एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये काम करणारे एक वयस्कर मिस्त्री माझ्याकडं यायचे. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव, आणि कास्टिंगच्या आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. बीड थंड होताना मीटरमागं सुमारे दहा मिलिमीटर आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. तिथं अर्धा मिलिमीटर जास्त घासला गेला तर तो फाउंड्रीत कळतो. दारावर अर्धा मिलिमीटर गेला तर कुणाला कळतंय! हे मिस्त्री वर्षातून एकदा मशीन आणायचे आणि म्हणायचे, “काय बिघडलेलं न्हाई बाळ, नुसतं बघून ठेव.” पहिल्यांदा मला ते विचित्रच वाटलं. धंदा बिघडलेल्या मशीनवर चालतो. उघडून बघितलं तर आत धूळ जवळजवळ नव्हतीच. कार्बन दोन्ही सारखे झिजलेले, कम्युटेटर एकसारखा तपकिरी, ग्रीस जागच्या जागी. त्यांची पद्धत साधी होती. काम संपलं की प्लग काढायचा, पिशवी रिकामी करायची, हवेच्या जाळ्यांतून फुंकणी मारायची, बेल्टचा ताण सैल करायचा, वायर मशीनला न गुंडाळता वेगळी वेटोळी करून ठेवायची. चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. ते निवृत्त झाले तेव्हाही ते मशीन चालत होतं. माझं दुकान अशा माणसांवर चालणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण कुणी विचारलं तर मी त्यांचीच पद्धत सांगतो.

दाबण्याच्या सवयीवर मात्र मी हरलोय. मोठ्या सँडरचं स्वतःचं वजनच पाच-सहा किलो असतं आणि तेवढं पुरतं. हातांनी त्याला फक्त दिशा द्यायची, लाकडाच्या रेषेत फिरवत राहायचं. पण उद्या चौकट पूजन आहे आणि चौकट अजून खडबडीत, म्हटल्यावर मिस्त्री अंगाचा भार टाकतो. भार टाकला की फेरे कमी होतात, फेरे कमी झाले की पंख्याची हवा कमी होते, आणि त्याच वेळी मोटार जास्त करंट खेचत असते. त्यात संध्याकाळी खेड्यात व्होल्टेज पडलेलं. बाराशे वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सव्वापाच अँपिअर घेतं. त्याला दिव्याच्या बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन जोडलं आणि तेही गुंडाळीवर तसंच ठेवलं, तर मशीनच्या आधी गुंडाळी तापते. आर्मेचर भाजून येतात ती बहुतेक अशीच, आणि घासाईही भराभर होत नाही. बेल्टची धार गेली असेल तर दाबून ती परत येत नाही, नवा बेल्ट चढवावा. साठ नंबरनं सुरुवात करायची तिथं वेळ वाचवायला ऐंशी-एकशेवीस लावला, तर हात आपोआपच दाब देतो. आणखी एक : मशीन चालू करून मग लाकडावर टेकवायचं आणि उचलून मग बंद करायचं. टेकवून चालू केलं तर पहिल्या झटक्यातच खळगा पडतो. व्हिनिअरच्या प्लायवर तर हे मशीन नेऊच नये. वरचा पापुद्रा जायला डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागत नाही, आणि त्यावर इलाज नाही.

‘मोटार जळली’ म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये खरं काय निघतं, ते सांगतो. सगळ्यात आधी वायर. मशीनमध्ये जिथं शिरते, त्या रबरी नळीच्या तोंडाशी ती आत तुटलेली असते. वरून धड दिसते. वीतभर कापून पुन्हा जोडली की मशीन सुरू. दुसरा स्विच. बारीक धूळ संपर्कात जाऊन बसते, बटण दाबलं तरी वीज पुढं जात नाही. तिसरा दातेरी पट्टा. मोटारीची ताकद रोलरकडं नेणारा हा छोटा पट्टा दात गाळून बसतो, मग मोटार नुसती किंचाळते आणि रोलर ढिम्म. आणि चौथे कार्बन. काही मशीनचे कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजले की स्वतःच संपर्क तोडतात, म्हणजे कम्युटेटर खरवडला जाऊ नये. मशीन चालता चालता एकदम गप्प होतं. मालकाला वाटतं मेलं, आणि खरं तर त्यानं स्वतःला वाचवलेलं असतं. कार्बन नेहमी जोडीनं बदलावेत आणि बदलल्यावर मशीन थोडा वेळ मोकळंच चालवावं, म्हणजे ते कम्युटेटरच्या गोलाईला बसतात.

ठिणग्यांची भीती सगळ्यांना वाटते. कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणगी दिसली तर घाबरू नये. कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरायला लागलं, तर त्याच क्षणी बटण सोडावं. तिथं बहुधा आर्मेचरच्या वेटोळ्यांत शॉर्ट असतो. ग्रोलरवर आर्मेचर ठेवून वर हॅकसॉचं पातं धरलं की दोषी खाचेवर पातं थरथरतं. लहान आर्मेचर भरायला फार वेळ जातो, तार केसासारखी बारीक. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणांनी ते काम सोडून दिलं, कारण बाजारात तयार आर्मेचर मिळतं. मी अजून भरतो, पण चांगल्या मशीनचंच. अगदी स्वस्तातल्या मशीनचं आर्मेचर गेलं असेल तर मी दुरुस्ती करत नाही. नवी मोटार घालूनही त्याचे रोलर आणि बेअरिंग पुढचा हंगाम काढतील याची खात्री नसते. हे स्पष्ट सांगितल्यानं काही गिऱ्हाइकं कायमची गेली. त्याला इलाज नाही.

ऑगस्ट २०१९च्या महापुरानं या धंद्याकडं बघायची माझी नजर बदलली. वारणेचं पाणी निलेवाडी, घुणकीकडच्या गावांत शिरलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. कोल्हापुरातून सुटे भाग येणं थांबलं. पाणी ओसरल्यावर लोक पोत्यांतून मशीनं घेऊन आले. चिखलानं भरलेले सँडर, कटर, ड्रिल, त्याच पोत्यात रंधे आणि पटाश्याही. माझा पहिला प्रश्न एकच असायचा : “चालू करून बघितलं का?” ज्यांनी दोन दिवस उन्हात वाळवून प्लग लावला, त्यांच्या मोटारी तिथंच गेल्या. वरून कोरडं वाटतं, पण वेटोळ्यांच्या आत ओल आणि गाळ तसाच असतो. ज्यांनी हात लावला नव्हता त्यांची बरीच मशीनं वाचली. पूर्ण खोलायची, स्वच्छ पाण्यानं धुवायची, मग खोक्यात शंभर वॅटचा बल्ब लावून सावकाश वाळवायची, मेगरवर इन्सुलेशन बघायचं, पुन्हा व्हार्निश द्यायचं. बेअरिंग आणि स्विच सरसकट नवे. पाण्यानं बिघडलेलं मशीन मी पुन्हा पाण्यानंच धुतोय हे बघून लोक चक्रावायचे. ते नुसतं मशीन नव्हतं, त्या घरातली रोजीरोटी होती. मजुरी मागताना तोंड उघडायचं नाही. सगळ्यांची माफ केली असं मी म्हणणार नाही, मलाही घर चालवायचं होतं. भागांचे पैसे घेतले, मजुरी ज्याला जशी जमली तशी घेतली. जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांची मशीनं आधीच माळ्यावर गेली होती.

धुळीचं आणखी एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला मी मशीन दुकानातच ब्लोअरनं फुंकायचो. शेजारच्या चहावाल्यानं एकदा दुधाचं पातेलं आणून दाखवलं, तेव्हापासून मागच्या मोकळ्या जागेत जातो आणि मास्क लावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. विशेष धोका नाकाच्या आतल्या पोकळ्यांना. माझ्याकडं येणाऱ्या मिस्त्रींपैकी तोंडाला साधा रुमाल बांधणारेही थोडेच. रुमालानं ही धूळ अडत नाही, नीट बसणारा मास्कच लागतो. सँडरची पिशवीसुद्धा सगळी धूळ पकडत नाही, जाड तेवढी धरते आणि बारीक हवेत सोडते. दुकानात बसून खोकणाऱ्या पॉलिशवाल्याला मी मशीनबरोबर हे सांगतो, तो हसतो आणि बिल किती झालं ते विचारतो.

सँडर दुरुस्तीला आणणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मशीन पुसून-धुऊन आणू नका, आहे तसं आणा. त्यावरचा बेल्ट आणि धुळीची पिशवी बरोबर असू द्या, फाटलेला बेल्ट असेल तर तोही आणा. बिघडलं तेव्हा त्यावर काय घासत होतात, वायर किती लांबीची होती, मशीन कुणी मागून नेलं होतं का, ते खरं सांगा. कोयता घासला असेल तर तेही सांगा. मी रागावणार नाही, पण मला मोटार खोलायची की नुसता रोलर खरवडायचा, हे त्यावर ठरतं आणि तुमचं बिलही.